नऊ युरोंचा पास आणि डांबराला चिकटलेले हात: जर्मनीतल्या एका आंदोलनाचा प्रकरण अभ्यास

२०२२ च्या जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांत जर्मनीत नऊ युरोंना महिन्याचा पास मिळत होता. तो एकदा काढला की देशभरातली कुठलीही सिटी बस, ट्राम, मेट्रो आणि लोकल त्याच्यावर चालायची. आपल्याकडे पॅसेंजर आणि मेमू जे काम करतात ते करणाऱ्या रीजनल गाड्याही त्यात होत्या. लांब पल्ल्याच्या इंटरसिटी आणि आयसीई गाड्या तेवढ्या वगळल्या होत्या. बर्लिनमध्ये तेव्हा एकट्या शहराचाच मासिक पास ८० युरोंच्या वर होता, यावरून या किमतीचा अंदाज येईल. तीन महिन्यांत असे ५ कोटी २० लाख पास विकले गेले (एकाच माणसाने तिन्ही महिने काढला असेल तर तो तीनदा मोजला आहे). शिवाय ज्यांच्याकडे आधीपासूनच कायमचा पास होता अशा सुमारे एक कोटी लोकांना ही सवलत आपोआप मिळाली. देशाची लोकसंख्या साडेआठ कोटींच्या आतबाहेर.

३१ ऑगस्टला योजना संपली आणि जुने दर परत आले. त्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये ‘लेट्स्टे गेनेरात्सिओन’, म्हणजे ‘शेवटची पिढी’, या गटाचे हवामान आंदोलक बर्लिनच्या रस्त्यांवर पुन्हा रास्ता रोकोला बसले. त्यांच्या मागण्या दोनच होत्या: नऊ युरोंचा पास परत आणा, आणि महामार्गांवर ताशी १०० किलोमीटरची वेगमर्यादा घाला.

मागणी अशी, की ती पुरी झाली तर काय होतं हे कोट्यवधी लोकांनी स्वतः अनुभवलेलं. मार्ग असा, की त्याच लोकांचं माथं भडकावं. मागणी आणि मार्ग यांची अशी फारकत झाली की पदरात काय पडतं, हे या प्रकरणात तारखांसकट तपासता येतं, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे.

पास आला तो पेट्रोलच्या जोडीने

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा पास हवामानाच्या काळजीतून जन्मलेला नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, इंधन भडकलं आणि लोकांना दिलासा देण्यासाठी मार्चच्या अखेरीस बर्लिनमधलं तीन पक्षांचं आघाडी सरकार रात्रभर वाटाघाटीला बसलं. आघाडीतल्या एफडीपी या उद्योगस्नेही पक्षाला पेट्रोल-डिझेलवरचा कर कमी करून हवा होता. मोटार नसलेल्यांनाही काहीतरी दिलं पाहिजे, हा त्यावरचा तोडगा. म्हणून त्या तीन महिन्यांत पेट्रोलवरचा कर लिटरमागे सुमारे ३५ सेंटने उतरला आणि त्याच्याच शेजारी नऊ युरोंचा पास उभा राहिला. बुडालेल्या उत्पन्नापोटी केंद्राने राज्यांना अडीच अब्ज युरो दिले.

पण लोकांच्या हातात पडल्यावर त्या पासाचं जे झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. जर्मनीत प्रत्येक शहराचा, प्रत्येक पट्ट्याचा वाहतूक संघ वेगळा, त्याचे झोन वेगळे, दर वेगळे. परगावी उतरलेला माणूस यंत्रापुढे उभा राहून आपण कोणत्या झोनमध्ये आहोत आणि कोणत्या झोनमध्ये चाललो आहोत याचा शोध घेत बसायचा. चुकीचं तिकीट निघालं तर दंड. हा सगळा घोळ एका फटक्यात संपला. लोक यंत्राकडे न बघता ट्राममध्ये चढू लागले.

आणि ज्यांना याची खरी गरज होती त्यांचं बघा. सरकारी निर्वाह भत्त्यावर जगणाऱ्या एकट्या माणसाच्या महिन्याच्या ४४९ युरोंमध्ये प्रवासासाठी साधारण ४० युरो धरलेले असत. म्हणजे शहराचा साधा पासही त्या हिशेबात बसत नव्हता. अशा घरातली मुलं त्या उन्हाळ्यात समुद्रावर गेली, म्हातारी माणसं दुसऱ्या शहरातल्या नातवंडांना भेटून आली. पेन्टेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत गाड्यांना तोबा गर्दी झाली, फलाटावर सायकलवाले मागे राहिले, श्रीमंतांचं बेट समजल्या जाणाऱ्या झ्युल्टवर पंक पोरं जाऊन तळ ठोकून बसली आणि त्याच्या बातम्या झाल्या. गर्दीचा त्रास खरा होता. रेल्वेचे कर्मचारी त्या तीन महिन्यांत पिळून निघाले, हेही खरं.

हवामानाच्या बाजूचा हिशेब असा. जर्मन वाहतूक कंपन्यांच्या संघटनेने मोठं सर्वेक्षण करून सांगितलं, की तीन महिन्यांत सुमारे १८ लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचला आणि या पासावर झालेल्या प्रवासांपैकी १० टक्के प्रवासांनी मोटारीची जागा घेतली. टीकाकारांनी हाच आकडा उलटा वाचला: दहातले नऊ प्रवास मोटारीऐवजी नव्हतेच. मला विचाराल तर दोन्ही वाचनं बरोबर आहेत. फक्त दुसरं वाचन करणारे हे विसरतात, की त्या नऊ प्रवासांतले पुष्कळसे प्रवास पैशांअभावी पूर्वी होतच नव्हते. गरिबाने पहिल्यांदा प्रवास केला याला योजनेचं अपयश म्हणायला मी तयार नाही.

ऑगस्टमध्ये अर्थमंत्री क्रिस्टियान लिंडनर यांनी पास पुढे चालू ठेवायला नकार दिला, आणि तो देताना ‘फुकट मिळावं’ अशी वृत्ती वाढते आहे असा ठपका ठेवला. पेट्रोलवरच्या सवलतीबद्दल असा शब्द वापरला गेला नव्हता. पुढच्या सगळ्या चिडीत या शब्दाचा वाटा मोठा आहे.

आंदोलकांनी मागणी लहान का केली

‘शेवटची पिढी’ची सुरुवात २०२१ च्या उपोषणातून झाली. संसदेच्या निवडणुकीआधी काही तरुण बर्लिनमध्ये उपोषणाला बसले, चॅन्सेलरपदाच्या उमेदवारांनी आमच्याशी जाहीर बोलावं एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुढे चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झालेले ओलाफ शोल्झ यांनी निवडणुकीनंतर त्यांची भेट घेतली. जानेवारी २०२२ मध्ये रास्ता रोको सुरू झाला तेव्हा मागणी होती ती दुकानांनी फेकून दिलेलं चांगलं अन्न वाचवणारा कायदा करण्याची. मग उत्तर समुद्रात नवं तेल काढू नका, ही मागणी आली. ऑक्टोबरमध्ये पास आणि वेगमर्यादा.

हवामान बदलासारख्या अजस्र प्रश्नासाठी जिवावर उदार झालेली माणसं एक पास आणि एक वेगमर्यादा मागतात हे अनेकांना विचित्र वाटलं. त्यामागे पक्का विचार होता. मार्च २०२१ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने निकाल दिला होता, की तोवरचा हवामान कायदा पुढच्या पिढीच्या स्वातंत्र्याला पुरेसं जपत नाही. सुधारलेल्या कायद्यात प्रत्येक खात्याला दरवर्षीची उत्सर्जनाची मर्यादा होती आणि ती ओलांडली तर तीन महिन्यांत तातडीचा कार्यक्रम देणं मंत्र्यावर बंधनकारक होतं. वाहतूक खात्याने २०२१ मध्ये मर्यादा ओलांडली. वाहतूकमंत्री फोल्कर विसिंग यांनी जुलै २०२२ मध्ये जो कार्यक्रम दिला तो सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ परिषदेने मुळातच अपुरा ठरवला. २०२२ मध्ये मर्यादा पुन्हा ओलांडली गेली.

म्हणजे आंदोलकांचा युक्तिवाद असा होता: कायदा तुमचा, तो मोडताय तुम्ही, आणि तो पाळायला मदत करतील असे दोन उपाय आम्ही पुढे ठेवतो आहोत, जे उद्या सकाळी लागू करता येतात. एक तर तुम्ही स्वतःच राबवून दाखवला आहे. दुसऱ्याला खर्च नाही. केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या तेव्हाच्या अंदाजानुसार १०० च्या मर्यादेने वर्षाला ५४ लाख टन उत्सर्जन वाचलं असतं. विसिंग यांचा वेगमर्यादेला विरोध होता आणि त्यांनी दिलेल्या कारणांमध्ये ‘तेवढ्या पाट्या आपल्याकडे नाहीत’ हेही एक होतं. जो सरकारी पक्ष एवढंही करत नाही तो मोठं काही करेल का, हे लोकांना दिसावं म्हणून मागणी मुद्दाम लहान केली होती. कागदावर हा डाव मला आजही अचूक वाटतो.

सकाळी आठची वेळ

आता प्रत्यक्ष रस्त्यावर काय घडत होतं ते बघू.

कामावर जायच्या गर्दीच्या वेळी पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागला की नारिंगी जाकिटं घातलेले सहा-आठ जण झेब्रा क्रॉसिंगवर येत आणि रांगेत खाली बसत. पहिल्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवेपर्यंत खिशातली ट्यूब बाहेर आलेली असे. आपल्या फेविक्विकसारखा झटपट धरणारा गोंद तळहातावर ओतायचा आणि हात डांबरावर दाबून ठेवायचा. सगळेच चिकटवून घेत नसत. रुग्णवाहिका आली तर उठून वाट मोकळी करता यावी म्हणून कडेचा किंवा मधला एखादा जण हात मोकळा ठेवून बसायचा. हा त्यांचा ठरलेला नियम होता.

मग पोलीस यायचे आणि गुडघ्यांवर बसायचे. स्वयंपाकाचं तेल ब्रशने बोटांच्या कडेला सोडायचं, ते आत झिरपू द्यायचं, लाकडी पट्टी हळूहळू आत सरकवायची, कातडी फाटू नये म्हणून बोट बोट करत हात सोडवायचा. एकेका हाताला बराच वेळ लागे. पुढे काहींनी गोंदात वाळू मिसळायला सुरुवात केली, तेव्हा यंत्राने भोवतालचं डांबर कापून हात सोडवावे लागले. पोलीस येईपर्यंतच्या वेळात गाडीवाले उतरून यायचे. कुणी विनवण्या करायचं, कुणी केस धरून फरपटत कडेला न्यायचं, कुणी लाथा घालायचं. मार खाणारे हात उचलत नसत. त्यांच्या या शिस्तीबद्दल मला आदर आहे आणि तो मी लपवणार नाही.

पण हे सगळं भोगत होतं कोण? शिफ्टला उशीर झालेली नर्स, कुरियरवाला, प्लंबर. पास बंद करण्याचा निर्णय घेणाऱ्यांपैकी त्या रांगेत कुणी अडकलेलं नव्हतं. काही शहरांत तर मोटारींमागे बसही खोळंबल्या, म्हणजे ज्यांच्यासाठी पास मागायचा तेच प्रवासी थांबून राहिले. टीव्हीवर जे चित्र दिसलं त्यात मागणी कुठेच नव्हती. होता तो फक्त गोंद आणि हॉर्न. २३ ऑक्टोबर २०२२ ला पोट्सडामच्या बार्बेरीनी संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मोनेच्या चित्रावर कुस्करलेले बटाटे फेकले गेले (चित्र काचेमागे होतं, त्याला इजा झाली नाही), तेव्हा तर पासाचा विषय चर्चेतून जवळजवळ पुसला गेला.

त्याच महिन्याच्या ३१ तारखेला बर्लिनमध्ये एका सायकलस्वार महिलेला काँक्रीट मिक्सरने चिरडलं. बचावाचं एक खास वाहन आंदोलनामुळे झालेल्या कोंडीत अडकलं होतं. काही दिवसांनी त्या महिलेचा मृत्यू झाला. घटनास्थळी असलेल्या डॉक्टरांच्या नोंदीनुसार ते वाहन वेळेवर पोचलं असतं तरी उपचाराचा निर्णय बदलला नसता, हे पुढे वर्तमानपत्रांतून आलं. पण तोवर लोकांच्या मनात निकाल लागून गेला होता. जनमत चाचण्यांत ८० टक्क्यांहून जास्त लोक रास्ता रोको चुकीचा म्हणत होते. ‘मोअर इन कॉमन’ या संस्थेच्या पाहणीत २०२१ मध्ये ६८ टक्के जर्मनांचा हवामान आणि पर्यावरण चळवळीला तत्त्वतः पाठिंबा होता. २०२३ मध्ये तो ३४ टक्क्यांवर आला. सगळा दोष गोंदाचा नाही, महागाई आणि घर तापवण्याच्या नव्या कायद्यावरून उठलेलं वादळही त्यात होतं. तरी अर्धा पाठिंबा उडाला ही गोष्ट उरतेच.

सरकारचा हात

बव्हेरिया राज्याच्या पोलीस कायद्यात गुन्हा घडण्याआधीच माणसाला महिनाभर, आणि मुदत वाढवून दोन महिन्यांपर्यंत, डांबून ठेवण्याची तरतूद आहे, ती आंदोलकांवर वापरली गेली. मार्च २०२३ मध्ये हाइलब्रॉनच्या न्यायालयाने रास्ता रोकोबद्दल थेट तुरुंगवासाची शिक्षा दिली. २२ मे २०२३ ला चॅन्सेलर शोल्झ यांनी एका शाळेत मुलांसमोर या चिकटवाचिकटवीला शुद्ध वेडेपणा म्हटलं. दोनच दिवसांनी सात राज्यांत पंधरा ठिकाणी धाडी पडल्या, गटाचं संकेतस्थळ जप्त झालं आणि तिथे तपास यंत्रणेने सूचना लावली, की ही गुन्हेगारी टोळी आहे, हिला देणगी देणं हाही गुन्हा ठरू शकतो. न्यायालयाने असं काहीही ठरवलेलं नव्हतं. सूचना नंतर बदलावी लागली. पत्रकारांचे या गटाशी झालेले फोनही ऐकले जात होते, हे त्यानंतर उघड झालं.

ज्याला रास्ता रोकोचा राग येतो त्यानेही इथे थांबून विचार करावा. उत्सर्जनाची कायदेशीर मर्यादा दोनदा ओलांडणाऱ्या खात्याचं काय झालं? २०२४ मध्ये कायदाच बदलण्यात आला आणि खातेनिहाय वार्षिक बंधन सैल केलं गेलं. त्याआधी विसिंग यांनी, कायदा बदलला नाही तर शनिवार-रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागतील, असा इशारा दिला होता.

एक वेगळी वाटही दिसली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये हानोफरचे महापौर बेलित ओनाय आंदोलकांशी बोलले, संसदेतल्या पक्षगटांना पत्र लिहून त्यांनी आंदोलकांच्या मागण्यांना पाठिंबा दिला आणि त्या शहरातला रास्ता रोको थांबला. ट्यूबिंगेन आणि मारबुर्गमध्येही तसंच झालं. ट्यूबिंगेनमध्ये तर शनिवारी बस फुकट ठेवण्याची प्रथा २०१८ मध्येच सुरू झाली होती. विसिंग स्वतः मे २०२३ मध्ये आंदोलकांना भेटले, पण त्यातून काही निघालं नाही.

पासाचा धागा दुसऱ्यांनीही धरला होता

या प्रकरणातला मला सर्वांत शिकण्यासारखा वाटणारा भाग बातम्यांत फार आला नाही. पास बंद होताच, सप्टेंबर २०२२ पासून, काही कार्यकर्त्यांनी ‘नऊ युरो निधी’ सुरू केला. कल्पना साधी. तुम्ही दरमहा नऊ युरो निधीत भरा आणि पास अजून चालू आहे असं समजून प्रवास करा. तपासनीसाने पकडलं तर ६० युरोंचा दंड निधी भरेल. सात जणांचे नऊ-नऊ मिळून ६३ होतात, म्हणजे महिन्याला सातांतला एक पकडला गेला तरी हिशेब जुळतो. स्टॉकहोममध्ये ‘प्लांका डॉट नू’ नावाचा गट असा निधी २००१ पासून चालवत आला आहे.

यात कायदा मोडणं होतंच. जर्मनीत विनातिकीट प्रवास हा फौजदारी गुन्हा आहे, त्याचं कलम १९३५ सालचं, म्हणजे नाझी राजवटीत आलेलं, आणि शिक्षा एक वर्षापर्यंत कैदेची. दंड भरू न शकणारे गरीब आजही त्यापायी तुरुंगात जातात. डिसेंबर २०२१ पासून ‘फ्राइहाइट्सफॉन्ड्स’ नावाचा दुसरा एक निधी अशा लोकांचे दंड भरून त्यांना बाहेर काढतो आहे. हजारावर माणसं त्याने सोडवली आहेत. त्या दबावाने ड्युसेलडॉर्फ, कोलोनसारख्या शहरांनी विनातिकीट प्रवाशांविरुद्ध फौजदारी तक्रार करणं थांबवलं.

निधीची आणि रास्ता रोकोची तुलना केली की फरक लगेच दिसतो. निधीत जोखीम घेणारा माणूस स्वतःच प्रवासी असतो आणि कृतीतूनच मागणी कळते. समजावून सांगायला प्रवक्ता लागत नाही. तिसऱ्या कुणाची अडवणूक होत नाही. त्याची मर्यादाही मोठी आहे. पुन्हा पुन्हा पकडलं गेल्यास प्रकरण फौजदारीकडे जातं, आणि जो माणूस व्हिसावर राहतो त्याला ती जोखीम परवडणारी नाही. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये २०२२-२३ पासून भारतीयांचा आकडा सर्वांत मोठा आहे, त्यांत पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची मुलं भरपूर. नऊ युरोंच्या पासावर त्यांनी जर्मनी पाहिली, पण तो परत मागण्याच्या या दोन्ही मार्गांत त्यांना जागा नव्हती.

तिसरा मार्ग सापडला तो बस आणि ट्राम चालवणाऱ्यांकडे. ‘फ्रायडेज फॉर फ्यूचर’ या हवामान चळवळीतली मुलं आणि ‘व्हेर्डी’ ही कामगार संघटना यांनी ‘आम्ही एकत्र चालतो’ या अर्थाच्या नावाने मोहीम काढली. मुलं डेपोंवर गेली, पहाटेच्या चहाच्या वेळी चालकांशी बोलली. तुकड्यांत विभागलेल्या शिफ्टा, दोन फेऱ्यांमध्ये लघवीलाही न मिळणारा वेळ, कमी पगार, आणि त्यामुळे कुणी टिकत नाही म्हणून रद्द होणाऱ्या फेऱ्या, हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं. ३ मार्च २०२३ ला आणि पुन्हा १ मार्च २०२४ ला हवामान मोर्चा आणि वाहतूक कर्मचाऱ्यांचा संप एकाच दिवशी झाला. त्या दिवशीही वाहतूक थांबली होती. पण थांबवणारे तीच वाहतूक रोज चालवणारे होते, आणि प्रवाशांना त्यांचं म्हणणं समजत होतं.

पदरात काय पडलं

१ मे २०२३ पासून ४९ युरोंचा ‘डॉइचलांड टिकेट’ आला. नऊ युरोंच्या पासाची मुख्य गोष्ट त्यात शिल्लक राहिली: एक देश, एक पास, झोनची कटकट नाही. केंद्र आणि राज्यं मिळून वर्षाला तीन अब्ज युरो घालतात. एक कोटीहून अधिक लोक तो वापरतात. त्यावरचा निर्णय नोव्हेंबर २०२२ च्या सुरुवातीला झाला, म्हणजे रास्ता रोको ऐन भरात असताना. आंदोलक त्याचं श्रेय घेऊ शकले असते, पण तो दावा टिकणार नाही. राज्यांचे वाहतूकमंत्री ऑगस्टपासूनच पुढच्या पासावर वाटाघाट करत होते, कारण उन्हाळ्यात मिळालेला प्रतिसाद कुणालाच नाकारता येत नव्हता. बर्लिनने तर ऑक्टोबरपासून शहरापुरता २९ युरोंचा पास मधल्या काळासाठी आणला होता.

पण नऊचे ४९ झाले तेव्हा निर्वाह भत्त्यावरच्या माणसाला तो पुन्हा परवडेनासा झाला. जानेवारी २०२५ पासून किंमत ५८, जानेवारी २०२६ पासून ६३. विद्यार्थ्यांना २०२४ च्या उन्हाळी सत्रापासून विद्यापीठांमार्फत तो ६० टक्के दरात मिळू लागला, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

किमतीच्या वादात एक गोष्ट मागे पडते, ती बोलली पाहिजे. १९९४ च्या रेल्वे सुधारणांनंतर जर्मनीत पाच हजार किलोमीटरहून जास्त लोहमार्ग बंद झाले. ज्या गावातून दिवसाला दोन बस सुटतात, आणि शनिवारी एकही नाही, तिथल्या माणसाला पास फुकट दिला तरी तो काय करणार? ब्रांडेनबुर्गमधल्या टेम्प्लिन या लहान गावाचं उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे १९९७ च्या अखेरीपासून बस फुकट केली. वर्षाला ४१ हजार प्रवासी होते ते काही वर्षांत पाच लाखांवर गेले. त्यातले बरेचसे पूर्वी चालत किंवा सायकलने जाणारे होते, मोटार सोडलेले कमी. गर्दीला पुरतील एवढ्या बस आणायला गावाकडे पैसा नव्हता आणि २००३ मध्ये वर्षाला ४४ युरोंचं कार्ड सुरू करावं लागलं. फुकट प्रवास लोक उचलून धरतात, पण गाड्या वाढवायची तरतूद आधीच हवी, हा टेम्प्लिनचा अनुभव.

पैसा नाही, या उत्तराची शहानिशा करायला हवी. करोनापूर्वी जर्मनीतल्या सगळ्या स्थानिक आणि रीजनल वाहतुकीचं तिकीट उत्पन्न वर्षाला साधारण १३ अब्ज युरो होतं. सगळं फुकट करायचं तर किमान एवढी भरपाई लागेल, नव्या गाड्यांचा खर्च वेगळा. हा आकडा मोठा आहेच. पण केंद्रीय पर्यावरण संस्थेनेच २०१८ सालासाठी मोजलेली पर्यावरणाला मारक सरकारी अनुदानं ६५ अब्ज युरोंची आहेत आणि त्यातली जवळपास निम्मी वाहतुकीतली: डिझेलवरची करसवलत, कंपनीच्या मोटारींवरची करसवलत, विमानाच्या इंधनावर नसलेला कर. मंत्र्यांना ‘फुकट मिळावं’ ही वृत्ती शोधायची होती तर ती इथे सापडली असती.

माझं वाचन

‘शेवटची पिढी’ची मागणी चुकली नाही. तिचा पत्ता चुकला. पाच कोटी पास विकले गेले त्या उन्हाळ्यात पासधारकांची एक संघटना उभी राहायला हवी होती. फलाटांवर, डेपोंवर, गर्दीने कोंडलेल्या डब्यांत सह्या घेणारी, गाडी वाढवून मागणारी, १ सप्टेंबरला देशभर एकाच वेळी रस्त्यावर येणारी. ते काम वेळखाऊ असतं आणि वितळणाऱ्या हिमनगांकडे बघून झोप उडालेल्या विशी-पंचविशीतल्या मुलांना वेळ नाही असं वाटत होतं. त्यांची घाई मला समजते. त्यांनी धरलेला रस्ता मात्र बातमीत लवकर पोचत होता आणि प्रवाशापर्यंत पोचतच नव्हता.

रास्ता रोको हे हत्यार आपल्याला चांगलं ठाऊक आहे. कांद्याच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसतो तेव्हा थांबलेल्या गाडीतल्या माणसाला तो कोण आहे आणि का बसला आहे हे सांगावं लागत नाही, कारण बसणाऱ्याचाच माल मातीमोल झालेला असतो. बर्लिनमध्ये बसणारे भविष्याच्या वतीने बसले होते. ज्यांचा पास गेला ते निर्वाह भत्त्यावरचे लोक त्या रांगेत क्वचितच होते.

जानेवारी २०२४ मध्ये गटाने हात चिकटवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. जूनमधली युरोपीय संसदेची निवडणूक त्यांनी लढवली, मतं अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पडली. मे २०२४ मध्ये नॉयरुपिनच्या सरकारी वकिलांनी पाच जणांवर गुन्हेगारी संघटना बनवल्याचा आरोप ठेवला, पुढे म्युनिकमध्येही तसेच आरोप दाखल झाले. २०२५ च्या सुरुवातीला जुनं नाव सोडून गट विभागला गेला. एका शाखेने ‘नोये गेनेरात्सिओन’, नवी पिढी, हे नाव घेतलं आणि नागरिकांच्या सभा भरवण्यावर भर दिला. महामार्गांवर सरसकट वेगमर्यादा आजही नाही. पासाच्या किमतीवरून मात्र केंद्र आणि राज्यांची पुन्हा पुन्हा जुंपत आली आहे, आणि त्या प्रत्येक वेळी चर्चेत कुणीतरी नऊ युरोंच्या उन्हाळ्याची आठवण काढलीच आहे.